फिटर काकांनी आवळलेला बोल्ट
आमचं दुकान सातपूरला, रिमोटची हेलिकॉप्टरं न विमानं रिपेअर करतो. परवा एक काका आले, एमआयडीसीत फिटर म्हणून काम करून रिटायर झालेले, पिशवीत 450 साइजचं हेलिकॉप्टर. म्हणाले लँडिंगला वारा आला, मशीन कललं न पातं जमिनीला घासलं, बाकी काही नाही झालं, नुसतं थरथरतंय तेवढं बघ, उद्या नातवाला घेऊन उडवायचंय.

पाती कार्बनची, 325 मिमीची, वरून बघितली तर नव्यासारखी. पण हलवायला गेलो तर हलेचनात, बोल्ट असा आवळलेला की वेल्डिंग केलंय जणू. काका एवढं टाइट कशाला केलं, विचारलं तर म्हणाले, "अरे फिरणारा पार्ट आहे, ढिला ठेवून कसं चालेल?" त्यांच्या कामात ते बरोबरच, इथे मात्र उलटं असतं. हेलिकॉप्टर आडवं धरलं तर पातं आपल्या वजनाने खाली पडू नये पण हलका झटका दिला की वळावं, बस, एवढंच टाइट. म्हणजे फिरताना ते ओढीने आपोआप सरळ लाइनीत येतं, आणि कुठे लागलंच तर दुमडून मार वाचवतं. आवळून टाकलं की सगळा धक्का बोल्टच्या भोकापाशी.

पाती सोडवली न कापसाचा बोळा मुळापासून टोकापर्यंत सावकाश फिरवला. एक साफ. दुसऱ्यावर भोकापासून बोटभर पुढे कापसाचा एकच तंतू अडकला, तसाच लोंबकळत राहिला. केसाएवढी चीर होती. कानाशी धरून जरासं वाकवलं तर कट्ट असा बारीक आवाज. मग काकांच्या कानाशी धरलं, त्यांचा चेहराच उतरला.

मिनिटाला 2800 फेऱ्या घेताना त्या पात्याला जवळपास 40-50 किलोची ओढ बसते, टोक ताशी 350 किमीच्या वर पळतं, आणि नातू समोर उभा राहणार होता. मी हे सांगत होतो तेव्हा काका त्या तंतूकडेच बघत होते.

थरथर वाकलेल्या स्पिंडलची होती, म्हणजे दोन्ही पाती ज्यावर बसतात त्या मधल्या दांड्याची, तो बदलला. पाती जोडीनेच बदलावी लागतात, खर्च वाढतो म्हणून मी बोलायला कचरत होतो तर तेच म्हणाले, जोडी दे. बोल्ट त्यांनीच लावले, दोनतीनदा आडवं धरून झटका देऊन बघितला. मग हॅक्सॉ मागितला, जुनी पाती व्हाइसमध्ये धरून ओलं फडकं लावलं न मधोमध कापली, चांगलं होतं तेसुद्धा. म्हणाले, "घरात राहिली तर पोरगं कधीतरी लावेल रे."