कानाला दडा बसतो तेव्हा

कानात शिट्टी वाजते, रातकिडे किर्र करतात, कुकरची वाफ सुटल्यासारखं होतं. आवाजाचं वर्णन करायला लोक पुष्कळ वेळ घेतात. पण निदानाला त्याचा उपयोग फार थोडा. कानाच्या आतली शिट्टी मळामुळे आहे, वयामुळे आहे की ढोलपथकात वाजवल्यामुळे, हे नुसत्या सुरावरून ओळखता येत नाही. आवाजासोबत शरीराला काय जाणवतं, ते विचारलं की दिशा सापडते. दडा, फडफड, ठोका, चक्कर, कानशिलात ओढ. नेमकं हेच सांगायचं राहून जातं, कारण ‘आवाज’ हीच तक्रार आहे असं आपण धरून चाललेलो असतो.

यातली सगळ्यात फसवी जाणीव म्हणजे दडा. एक कान अचानक गच्च झाला आणि त्यातच आवाज सुरू झाला, की घरात निदान ठरलेलं असतं: मळ असेल, सर्दी असेल, पाणी गेलं असेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आतल्या कानाची ऐकण्याची ताकद अचानक गेली, तरी माणसाला आधी वाटतं ते ‘कान भरलाय’ एवढंच. दुखत नाही, स्राव नाही. सकाळी उठल्यावर किंवा फोन त्या कानाला लावल्यावर कळतं. ७२ तासांच्या आत अशी श्रवणशक्ती घटली तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि हेच दोन आठवडे कानात तेल घालण्यात, सर्दीच्या गोळ्यांत निघून जातात.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. शांत खोलीत ओठ मिटून खालच्या स्वरात पाच सेकंद ‘म्म्म’ असा सलग हुंकार काढा. हा आवाज कवटीच्या हाडातून थेट दोन्ही आतल्या कानांपर्यंत पोचतो. मळ, पडद्यामागचं पाणी असा अडथळा असेल तर हुंकार दडा बसलेल्या कानातच मोठा ऐकू येतो. हा अनुभव कसा असतो ते आधी पाहायचं असेल तर चांगल्या कानात बोट घालून हुंकार काढा, आवाज लगेच त्या बाजूला सरकेल. उलट, बोट न घालता काढलेला हुंकार चांगल्या कानात मोठा आला, तर दडा बसलेल्या कानाचा आतला भाग कमजोर पडलाय असं समजायचं आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घ्यायचा. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून करतात ती चाचणी याच तत्त्वावर चालते. दोन्ही कान बिघडलेले असतील तर हुंकार फसवतो. तो मधोमध ऐकू आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

दड्यासोबत घरघर, कमी-जास्त होणारं ऐकणं आणि गरगरणारी चक्कर असेल तर मेनिअर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार करतात. तिथे चक्करचा वेळ मोजणं महत्त्वाचं: मेनिअरचा झटका २० मिनिटं ते १२ तास टिकतो. कूस बदलल्यावर काही सेकंद गरगरून थांबणारी चक्कर वेगळी, तिचा आवाजाशी सहसा संबंध नसतो. आणि दड्यासोबत स्वतःचाच श्वास आणि बोलणं कानात घुमत असेल, आडवं पडल्यावर बरं वाटत असेल, तर घशाकडून कानात जाणारी नळी बंद नसून सतत उघडी राहत असते. अलीकडे वजन बरंच उतरलेल्यांत हे दिसतं. नाक दाबून जोरात हवा भरण्याचा इथे काही उपयोग नाही.

आता जबडा आणि मान. दात आवळले, खालचा जबडा पुढे काढला, तळहाताचा विरोध घेऊन मान वळवली, की अनेकांचा आवाज बदलतो. हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदूच्या देठात ऐकण्याच्या मार्गावरचं जे पहिलं ठाणं आहे, तिथेच चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या नसांचे संदेशही येऊन मिळतात. तपासायचं तर प्रत्येक हालचाल दहा सेकंद करा, मध्ये थोडं थांबा आणि आवाजाला दहापैकी किती ते लिहा. मात्र आवाज बदलला म्हणजे दोष जबड्यातच, ही घाई बरेच जण करतात. गोंगाटामुळे कान बिघडलेल्यांचाही आवाज दात आवळल्यावर बदलतो. जबड्यावर संशय घ्यायचा तो दुखणं आणि आवाज एकाच सुमारास, एकाच बाजूला सुरू झाले असतील, किंवा रात्री दात खाणाऱ्याला सकाळी त्रास जास्त होत असेल तेव्हा. अशा माणसाने सुपारी चघळणं थांबवावं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे अशी ठेवण दिवसभर आठवून ठेवावी. रात्रीची दातांची पट्टी घ्यायची ती दंतवैद्याने मापाने केलेली.

फडफड किंवा टकटक हा स्नायूंचा मामला. मधल्या कानात दोन बारीक स्नायू असतात. त्यातला रिकिबीच्या आकाराच्या हाडाला जोडलेला स्नायू शरीरातल्या सांगाड्याच्या स्नायूंमध्ये सगळ्यात लहान. भांडं आदळलं की पडदा फडफडल्यासारखं वाटतं ते या स्नायूंच्या आचक्यांमुळे. टकटक असेल तर टाळूही पाहावी लागते. पण तोंड मोठं उघडलं की टाळूचे आचके कधी थांबतात, त्यामुळे बॅटरी मारून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ठोका वेगळा काढावाच लागतो. दुसऱ्या कुणाला मनगटाची नाडी धरायला सांगा आणि कानातल्या ठोक्याबरोबर तुम्ही बोटाने टिचक्या मारा. दोन्ही जुळले तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून पुढे स्कॅनपर्यंत जावं लागतं. मान वळवल्यावर आवाज थांबला तर उगम बहुधा शिरेत असतो. स्वतः मान दाबून पाहू नये, विशेषतः वय झालेल्यांनी. डोकेदुखी आणि वाकल्यावर क्षणभर अंधारी अशी जोड असेल तर डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी लांबवू नये.

साध्या आवाजानेही कान दुखत असेल तर दिवसभर बोळे घालून बसणं हा चुकीचा उपाय आहे. बाहेरचा आवाज जितका कमी, तितकी मेंदू आतली संवेदना वाढवतो. बोळे विसर्जन मिरवणुकीत घाला, स्वयंपाकघरात नको. आणि पडद्याला भोक आहे की नाही हे माहीत नसताना कोमट तेल नकोच.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात, त्यांची नावं डॉक्टरांना कळायलाच हवीत. अ‍ॅस्पिरिनचा कानातल्या आवाजाशी संबंध येतो तो मोठ्या मात्रेत. हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळी आवाजाला घाबरून परस्पर बंद करू नये.