तुमच्यात मूर्तिपूजा नसते ना?

‘काकू, तुमच्यात मूर्तिपूजा नसते ना?’ भाद्रपद आला की हा प्रश्न मला ठरलेला. वडगाव शेरीतल्या आमच्या सोसायटीत वर्गणीची पावती घेऊन येणारी मुलं विचारतात, शेजारच्या नव्या सूनबाई प्रसादाचा द्रोण अर्ध्यावर थांबवून विचारतात. कुणी जास्त मोकळं असेल तर पुढचंही येतं, ‘म्हणजे तुमच्या हिशोबाने आम्ही सगळे पापीच की!’ उंबऱ्यात उभ्या उभ्या याचं उत्तर पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर, असते. आम्हा ख्रिस्ती लोकांत मूर्तिपूजा असते आणि चांगली जोरात असते. आमच्या मूर्ती डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच, आणि त्यामुळे त्यांच्या विसर्जनाचा दिवसही कधी येत नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. वर्गणी मी देते. आरती चालू असताना मागे खुर्चीवर बसते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्रसादाचा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळात वाहिलेलं मांस बाजारात विकायला येई, ते खावं की नाही यावरून तिथल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या लोकांत, वाद पेटला. येशूचा प्रेषित पौल याने पत्रातून कळवलं, की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, तेव्हा खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण ज्याच्या मनाला ते टोचतं त्याच्यादेखत खाऊन त्याला अडचणीत टाकू नका. दोन अध्याय पुढे गेल्यावर तोच पौल बराच कडक होतो, म्हणून आमच्यात यावर अजून दोन तट आहेत. माझी नगरची आजी प्रसाद घेत नसे. मी उकडीच्या मोदकाला नाही म्हणत नाही.

मग कॅथलिकांकडे मारियेचा पुतळा असतो तो कसा? त्यांचं म्हणणं ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेत ठरलं. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी अडकत नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतो. उपासना मात्र एकट्या देवाची. आम्हा प्रॉटेस्टंटांना ते पुरतं पटत नाही. पण जवळजवळ हेच वाक्य मी आमच्या मजल्यावरच्या आजींच्या तोंडून, त्यांच्या देव्हाऱ्यासमोर बसून ऐकलेलं आहे. आणि एक गंमत. रोमी लोक सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना नास्तिक म्हणत. यांच्या घरात देवच दिसत नाहीत, मग दुसरं काय म्हणणार!

आता मुद्द्याचं. ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. तिच्या आधीचं वाक्य लोक विसरतात: मी तुझा देव, ज्याने तुला मिसरातून, दास्यातून बाहेर काढलं. म्हणजे ज्यांची वेठबिगारी नुकतीच सुटली आहे त्यांच्याशी हे बोलणं चाललंय. या आज्ञा शेजाऱ्याच्या घराची झडती घ्यायला दिलेल्या नाहीत. ‘आम्ही पापी का’ याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे, की ती आज्ञा माझ्या नावावर आलेली आहे आणि तिचा जाब मलाच द्यायचा आहे.

आणि ती पाळली कशी गेली? त्या लोकांना मिसरातून बाहेर आणणारा मोशे डोंगरावर चाळीस दिवस राहिला, तेवढा उशीरही खाली लोकांना सोसला नाही. त्यांनी त्याच्या भावाला, अहरोनाला गराडा घातला. त्याने सांगितलं, बायकांच्या, मुलांच्या, मुलींच्या कानांतली सोन्याची कुंडलं काढून आणा. त्यांचं वासरू झालं. इथवर संडे स्कूलमधल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. पुढचं वाक्य मात्र मोठेसुद्धा वाचून सोडून देतात. अहरोनाने दवंडी पिटली, की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव त्याने घेतलंच नाही. वासरू उभं राहिलं ते खऱ्या देवाच्या नावाने, आणि सोनं गेलं ते घरातल्यांच्या कानांतून. मूर्ती ओळखायला मला या दोन खुणा पुरतात: ती कुणाच्या नावावर उभी आहे, आणि तिच्यापायी कुणाचं काय गेलं.

धर्मसुधारक ल्यूथरची मूर्तीची व्याख्या प्रसिद्ध आहे. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत तो म्हणतो, ज्याच्यावर तुझं मन टेकलेलं आहे, ज्याच्या भरवशावर तू आहेस, तो खरा तुझा देव. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्याने तर माणसाच्या मनाला मूर्तींचा अखंड चालणारा कारखानाच म्हटलंय. माझे यजमान पिंपरीत तीन पाळ्यांच्या कारखान्यात होते, त्यांना हे वाक्य फार आवडे. ‘आणि साप्ताहिक सुट्टी नाही’ असं ते वर जोडायचे. दोघांचं खरंच आहे, पण मनाचा दाखला फार सोयीचा असतो. माझं मन देवापाशीच आहे असं कुणीही म्हणू शकतं, तपासणार कोण? बायबलमधले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, मनात डोकावत बसत नाहीत, ते राख कुठे पडलीय ते पाहतात. त्यांच्यातला यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून म्हणतो, ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं नुसतं घोकू नका; परक्यावर, अनाथावर, विधवेवर जुलूम करणं आधी थांबवा. त्याच अध्यायाच्या शेवटी यरुशलेमाजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात याच लोकांनी आपल्या पोटच्या मुलामुलींना अग्नीत होमल्याचा उल्लेख आहे, आणि त्यावर देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं.

माझ्या मनातही आलं नव्हतं! वर्षानुवर्षं मुलांना शिकवल्यावर हे वाक्य मला सरळ वाचवत नाही. आमच्या संडे स्कूलमध्ये आठवीनंतर मुलं गळायला लागतात, कारण रविवारी सकाळी क्लासची टेस्ट सिरीज असते. मुलं चर्चला येत नाहीत हे माझं मुख्य दुःख नव्हे. ती झोपत नाहीत, खेळत नाहीत, मामाच्या गावाला जात नाहीत. एक मुलगी पाठांतर करताना स्वतःच्या पापण्यांचे केस उपटायची. आईवडील माझ्याकडे येतात ते कशासाठी? ‘टीचर, नीटसाठी प्रार्थना करा.’ म्हणजे एका देवाकडे दुसऱ्या देवासाठी रदबदली. मी प्रार्थना करते, पोरीसाठी करते, मार्कांचं नाव घेत नाही. सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांतून तिशीकडे झुकलेली पोरं एकवेळच्या मेसवर ‘पोस्ट’ची, म्हणजे स्पर्धा परीक्षेतून मिळणाऱ्या सरकारी नोकरीची, वाट पाहत बसलेली असतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोस्ट निघाल्याशिवाय गावात तोंड दाखवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात घालणारे तुम्हीआम्हीच.

नोकरी लागल्यावर हा देव बदलत नाही, त्याचा पत्ता बदलतो. हबक्कूक नावाचा एक छोटा संदेष्टा आहे, त्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं. बाबेलच्या सत्तेविषयी बोलताना तो कोळ्याचं रूपक घेतो. हा कोळी माणसांना माशांसारखा जाळ्यात ओढतो, आणि मग जाळ्यालाच यज्ञ करतो, पागाला, म्हणजे आपल्या मोठ्या जाळ्याला, धूप दाखवतो, कारण त्याच्यामुळेच त्याचं ताट भरतं. पुढे हबक्कूक विचारतो, मग हा असाच जाळं रिकामं करत राहणार का, दयामाया न करता? जाळ्याची पूजा मांडली की त्याला रोज मासे लागतात, आणि ते मासे माणसंच असतात. आमच्या तरुण संघातली निम्मी मुलं खराडीला नाहीतर हिंजवडीला आहेत. त्यांना हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. माझ्या भाच्याला त्याच्या कंपनीने नारळ दिला. सकाळी मेल आली, दुपारपर्यंत कार्ड बंद. पैशाचं नुकसान पुढे भरून निघालं. पण कित्येक दिवस तो रोजच्याच वेळेला लॅपटॉपची बॅग घेऊन घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून परत यायचा, बायकोलासुद्धा पत्ता नाही. नोकरी नसलेला मनुष्य म्हणून घरात वावरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्हीही नाही.

मोबाइलचं मी मुद्दाम लिहीत नाही. उपदेशात पाळकसाहेब त्याला महिन्यातून एकदा झोडपतातच, आणि ऐकणारे मान डोलावत खाली त्यातच बघत असतात. फार सोपा नेम आहे तो.

अवघड नेम चर्चच्या आत आहे. हल्ली साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ झाली की उठणारा सांगतो, प्रभूने आम्हाला थ्री बीएचके दिला, प्रभूने व्हिसा दिला, आता गाडीसाठी प्रार्थना करा. आनंदाबद्दल उपकार मानण्यात काही वावगं नाही. पण ज्यांना मिळालं नाही ते त्याच बाकांवर बसलेले असतात, आणि आपला विश्वास कमी पडला असं समजून घरी जातात. त्या साक्षीतून त्यांची उभारी जाते, हे कुणाच्या खिजगणतीत नसतं.

आणि दुसरी मूर्ती आमच्या वारशाची. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा एक साप केला होता. सापाने डसलेला माणूस त्याच्याकडे पाही आणि जगे. ती वस्तू लोकांनी कित्येक शतकं जपून ठेवली आणि पुढे तिच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्किया राजाने ती फोडून टाकली. तेव्हा यरुशलेमात कुणीतरी हळहळलंच असेल, मोशेच्या हातची वस्तू हो! मला जुन्या वास्तूंचं प्रेम आहे. गुरुवार पेठेतलं १८८५ सालचं पंचहौदचं चर्च, त्याचा तो उंच घंटेचा मनोरा, त्या बाजूला गेले की मी हटकून मान वर करते. प्रेम असणं वेगळं आणि दगडविटांसाठी भावाला कोर्टात खेचणं वेगळं. मिळकतीच्या वादात कमिटीचे दोन गट, दोन वकील, आणि दानपेटीतली विधवेची दमडी तारखांच्या खर्चात, हे चित्र महाराष्ट्रातल्या किती मंडळ्यांत आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मिशन वाईट होतं म्हणून त्यांनी ते केलं असं मला वाटत नाही. चांगल्या वस्तूचीच मूर्ती होते. वाईट वस्तूला कोण भजायला जातं?

सगळ्यांत जुनी मूर्ती मी शेवटाला ठेवली आहे. आमच्यात लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाचं शिक्षण, पगार, मंडळी कुठली, एवढं विचारून होतं, आणि मग चहाचा कप खाली ठेवताना आवाज थोडा उतरतो: ‘आणि मूळचे कोण?’ तीन-चार पिढ्यांपूर्वी पणजोबा पाण्यात उतरले, बाप्तिस्मा झाला, आडनावं तीच राहिली किंवा बदललीसुद्धा. हा प्रश्न काही बुडाला नाही. जातीला आम्ही कधी हार घातला नाही, तिचं नाव उपासनेत घेतलं नाही. तरी तिला दर पिढीत पोरींची आणि पोरांची मनं वाहिली जातात, आणि ‘मुलांच्या भल्यासाठी, प्रार्थनापूर्वक निर्णय घेतला’ असं सांगून वाहिली जातात. अहरोनाचीच दवंडी.

बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र पाच अध्यायांचं आहे. त्यात मूर्तींचा विषय कुठेच निघत नाही. सारखं एकच चाललेलं असतं, की भावाचा द्वेष करून देवावर प्रीती आहे म्हणणारा लबाड आहे. भावाला गरजेत पाहून जो आपलं काळीज बंद करतो त्याच्यात देवाची प्रीती कशी राहणार? आणि मग एकदम शेवटची ओळ येते: मुलांनो, स्वतःला मूर्तींपासून दूर ठेवा. ती देवळात जाणाऱ्यांना लिहिलेली नाही, मंडळीतल्या आपल्याच मुलांना लिहिलेली आहे. माझ्या लहानपणी पाळकसाहेब सांगत, ही ओळ मागाहून सुचली म्हणून जोडली असेल. मला तसं वाटत नाही. सगळं पत्र त्याच विषयावर आहे.

आमच्या मंडळीतल्या दोन मुलांचं लग्न नाताळानंतर ठरलंय. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही शिकलेली, आणि तरी ‘मूळचे कोण’ यावरून बोलणी बराच काळ अडली होती. मुलीने खराडीच्या नोकरीतून सुट्टी काढून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकेकटं गाठलं, पाळकसाहेबांना सोबत न घेता. वडील तयार झाले, काका झाले. आजीचं अजून नक्की नाही. पत्रिका मात्र छापून झाल्या आहेत, आणि नातेवाइकांच्या यादीत आजीचं नाव सगळ्यांत वर घातलंय.