ट्रॅव्हलर कॅम्पर: मागच्या शॉकअपचं काम कुठवर आलं

गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत राहण्याची सोय केलेली (कॅम्पर). पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). मर्सिडीजच्या टी-वन गाडीवरून बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेला हा साचा मुख्यतः माणसं वाहायला वापरला जातो. माणसं चढतात-उतरतात, कॅम्परमधला बेड, कपाटं, बॅटऱ्या आणि पाण्याची १२० लिटरची टाकी मात्र कायम पाट्यांवर बसलेली असतात. तक्रारी दोन होत्या. गतिरोधकावरून उतरल्यावर मागची बाजू तीन-चार हेलकावे खाते आणि घाटात वळणावर गाडी बाहेर झुकते. या दोन्हींवर एकच औषध म्हणून कडक शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) घेतले जातात, आणि पैसे तिथेच वाया जातात.

शॉकअप वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचं. शॉकअप फक्त हालचालीचा वेग आवरतो. त्यामुळे हेलकावे त्याच्या हद्दीत येतात, पण लांब वळणावर गाडी अखेर किती झुकेल हे पाटे आणि अँटी-रोल बार (झुकणं रोखणारा, दोन्ही बाजू जोडणारा दांडा) ठरवतात. मागून बसलेली गाडीही शॉकअपने उचलली जात नाही.

म्हणून आधी वजनकाटा. टाकी भरून, सामानासकट, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे असेल तर १२० लिटरचा भार त्या ॲक्सलवर १२० किलोपेक्षा जास्त पडतो, आणि जेवढा वर जास्त तेवढाच पुढचा ॲक्सल हलका होतो. स्टेअरिंग हलकं, भिरभिरतं लागण्याचं हे एक मोठं कारण. टाकी ॲक्सलच्या पुढे सरकवली. टायरची हवा टायर थंड असताना, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या हिशोबाने भरली. अँटी-रोल बारचे रबरी बुश बोटाने हलत होते, ते बदलले. झुकण्याची तक्रार निम्मी इथेच मिटली, शॉकअपला हात न लावता.

जुने शॉकअप मेले आहेत का, हे गाडी दाबून कळत नाही; एवढी जड गाडी हाताने दबतच नाही. खराब रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवून लगेच उष्णतामापकाने बघायचं. काम करणारा शॉकअप तापतो, कारण तो हालचालीची उष्णता करतो. उजवा मागचा जवळजवळ थंड निघाला. सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिथलं माप फसवं येतं, हे लक्षात ठेवा. टायरवर तळवा फिरवला तर ठिकठिकाणी उंचवटे-खळगे लागत होते, तीही त्याचीच खूण.

आता मापं. शॉकअप जिथे अडकतो त्या वरच्या-खालच्या दोन्ही माउंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत: गाडी उभी असताना ४४० मिमी, बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) पूर्ण दबल्यावर ३५०, चाक लोंबकळताना ५३०. घेतलेला शॉकअप बंद ३३०, उघडा ५५०. दोन्ही टोकांना २० मिमी मोकळे हवेतच. बंद लांबी जास्त असेल तर खड्ड्यात शॉकअपच आतून आदळतो आणि माउंट तुटतो. उघडी लांबी कमी पडली तर चेसिसला जॅक लावताच अख्खा ॲक्सल त्याच्या दांड्यावर टांगला जातो. आणखी एक हिशोब: शॉकअप ३० अंश तिरका असेल तर त्याचा परिणाम साधारण तीन-चतुर्थांशच उरतो. म्हणून जागा करायला माउंट आत सरकवून शॉकअप आणखी तिरका करू नका.

बसवताना नेहमीच्या चुका तीन. पहिली, ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉकअप तसाच बसवणं. तो आडवा ठेवलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण पंप करायचा, मधली पोकळ जागा जाईपर्यंत. दुसरी, शॉकअपच्या टोकाच्या कड्याचा (डोळ्याचा) बोल्ट गाडी घोडीवर असतानाच आवळणं. रबर बुश त्या स्थितीत चिकटून बसतो, गाडी खाली आली की पिळला जातो आणि लवकरच फाटतो. बोल्ट हाताने लावा, चाकं जमिनीवर टेकवा, मगच पाना. कड्याऐवजी पिनचा माउंट असेल तर रबर वॉशरच्या कडेइतकं फुगेपर्यंतच आवळायचं. तिसरी, जुने नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट परत वापरणं.

हे शॉकअप उलगडताना किती आवरायचं ते बदलता येणारे आहेत: काढून, दांडा पूर्ण दाबून, खाचेत बसवून फिरवायचे. सुरुवात सर्वात मऊवर. तोच रस्ता, तोच वेग, टायरची तीच हवा.

मऊ: गतिरोधकानंतर दोन हेलकावे.
अर्धा फेरा कडक बाजूला: एकच, आणि गाडी बसते. कपाटातली भांडी शांत.
एक फेरा: एकट्या गतिरोधकावर उत्तम, पण रस्त्यावर ओळीने पाच-सहा उंच पट्टे आले की पाटे उलगडायच्या आत पुढचा धक्का येतो, मागची बाजू खाली खाली जात शेवटच्या पट्ट्यावर बंप स्टॉपला धडकते.

अर्ध्या फेऱ्यावर परत आणले. बारीक खडबडीवर अजून टणक लागतं, पण तो दोष शॉकअपचा नाही. पाट्यांमध्ये गंज धरलाय, ते एकमेकांवर सरकतच नाहीत. पुढच्या टप्प्यात पाटे सोडवून घासायचे, टोकांना नायलॉनच्या पट्ट्या, पाटे ॲक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट, आणि ५०० किमीनंतर ते पुन्हा आवळायचे. पाटे मोकळे झाले की घर्षण कमी होईल, तेव्हा शॉकअपची पाव फेरा कडक बाजूला पुन्हा चाचणी.