मेळघाटच्या वाटेवर, राउटरच्या जीपीएसच्या भरवशावर

परतवाडा मागे पडले की संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते हळूहळू विरळ होत जातात आणि रस्ता घटांगच्या दिशेने सातपुड्यात चढू लागतो. इथून पुढे सेमाडोह, हरिसाल आणि धारणीपर्यंत मोबाइलचे नेटवर्क कधी येते, कधी जाते आणि बराच वेळ येतच नाही. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या कॅम्परव्हॅनने आम्ही दोघी बहिणी दिवाळीनंतर या रस्त्याने गेलो, तेव्हा डॅशबोर्डवरच्या टॅब्लेटवर नकाशा अखंड चालू होता. त्या टॅब्लेटमध्ये ना सिमकार्ड आहे ना जीपीएस. आपण कुठे आहोत हे त्याला गाडीतला राउटर, म्हणजे वायफाय पुरवणारे यंत्र, सांगत होता. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात गाडी घेऊन हिंडणाऱ्यांना या व्यवस्थेचा खरोखर उपयोग होईल, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

नेटवर्क गेले की नकाशाही गेला, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात इंटरनेट आणि स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ग्रहण करणारे यंत्र आपली जागा आणि उंची स्वतःच काढते आणि त्यासाठी त्याला मोबाइलच्या मनोऱ्याची गरज पडत नाही. नेटवर्क असले तर पहिली जागा लवकर सापडते, एवढेच. नकाशाची चित्रे मात्र इंटरनेटवरून येतात, म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेल्या ऑसमअँड या अॅपमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचे नकाशे आम्ही अमरावतीतच उतरवून घेतले होते. धारणीच्या पुढे राज्याची सीमा जवळच आहे, तेव्हा एकच राज्य उतरवून भागत नाही.

फक्त वायफायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटांत जीपीएस नसतो. असा टॅब्लेट आसपासचे वायफाय पाहतो आणि कोणते वायफाय कुठे आहे याच्या गूगलसारख्यांकडच्या नोंदींवरून आपल्या जागेचा अंदाज बांधतो. अमरावतीत हे ठीक चालते. पण सेमाडोहच्या सागवनात आसपास वायफाय असते ते आपल्याच गाडीचे, आणि त्या राउटरची नोंद पूर्वी शहरात झालेली असेल, तर जंगलात उभी असलेली गाडी टॅब्लेट खुशाल अमरावतीत दाखवू शकतो. राउटरच्या वायफायच्या नावाशेवटी अंडरस्कोअर आणि ‘नोमॅप’ ही अक्षरे रोमन लिपीत जोडली, तर गूगल ते वायफाय आपल्या नोंदींतून वगळते. फिरत्या गाडीतल्या राउटरला हे नाव पहिल्या दिवसापासूनच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाड्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच फोर-जी राउटरांत उपग्रहांचे संदेश घेण्याची सोय असते आणि त्यासाठी अँटेनाची वेगळी जोडणी दिलेली असते. आमची अँटेना गाडीच्या छतावर बाहेरून बसवली आहे. पत्र्याची बंद गाडी उपग्रहांचे क्षीण संदेश अडवते. छतावर मात्र चहूबाजूंचे आकाश मोकळे मिळते. टॅब्लेटमध्ये जीपीएस असता, तरी घाटातल्या दाट झाडीत या अँटेनाशी त्याची बरोबरी झाली नसती, असे मला वाटते.

हे स्थान राउटर एनएमईए ०१८३ या पद्धतीच्या ओळींत पाठवतो. मुळात ही पद्धत जहाजांवरच्या उपकरणांसाठी ठरवलेली आहे. दर सेकंदाला काही ओळी येतात आणि त्यांतल्या आरएमसी नावाच्या ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग आणि दिशा असते. बहिणीने कोलकासजवळ गाडी थांबवल्यावर मी त्या ओळी पडद्यावर उघडून पाहिल्या. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ओळीत २१३० असे असेल तर त्याचा अर्थ २१ अंश ३० मिनिटे, म्हणजे साडेएकवीस अंश, असा होतो, ते २१.३० अंश समजले तर जागा सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. वेगही नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, असतो, त्यामुळे २१.६ हा आकडा म्हणजे ताशी ४० किलोमीटर. हा हिशेब अॅप करतेच, पण काही बिनसले तर कुठे पाहायचे हे आपल्याला ठाऊक असावे.

जोडणी तशी सोपी आहे. राउटरमध्ये टॅब्लेटसाठी एक आयपी पत्ता, म्हणजे वायफायवरची त्याची ओळख सांगणारा क्रमांक, कायमचा राखून ठेवायचा आणि त्या पत्त्यावर एनएमईए पाठवायला सांगायचे. अँड्रॉइड टॅब्लेटवर त्या ओळी घेणारे अॅप टाकून सेटिंग्जमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये त्याची ‘मॉक लोकेशन अॅप’ म्हणजे बाहेरून स्थान पुरवणारे अॅप म्हणून निवड करायची. मग नकाशाच्या सगळ्या अॅपना हेच स्थान खरे वाटते. वायफायवरून अंदाज बांधण्याची सोय तेवढी बंद करावी, नाहीतर बाण दोन जागांमध्ये उड्या मारत राहतो. काही बँकांची अॅप्स हे पर्याय चालू असताना उघडत नाहीत, म्हणून पैशांचे व्यवहार फोनवरच ठेवलेले बरे. आयपॅडवर संपूर्ण यंत्रणेला असे स्थान पुरवता येत नाही. नौकानयनाची काही अॅप्स तेवढी एनएमईए स्वतः वाचतात.

व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होता, आणि आजही इथला रस्ता माणसाला सावकाश चालायला लावतो. सिपना नदीच्या काठाकाठाने जाताना बाण वळणागणिक रस्त्यावरच राहिला. हरिसालच्या पुढे एका गावाकडे जाणारा फाटा नकाशावर स्पष्ट दिसत होता, तरी चहाच्या टपरीवर विचारून घेतले. तिथले काका गाडीकडे निरखून पाहत म्हणाले, “ताई, नकाशात रस्ता असन, पण रपट्यावरची माती वाहून गेली हाये. मोटारसायकल निंगते, तुमची गाडी नाई निंगनार.” उपग्रह आपली जागा अचूक सांगतात, रपट्याची, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाची, खबर गावातच मिळते. आम्ही सरळ धारणीला गेलो.

परतताना सेमाडोहहून चिखलदऱ्याचा चढ घेतला आणि सबंध वाटेची नोंद टॅब्लेटवर साठवली. घरी आल्यावर ती नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर लावून पाहिली, तेव्हा वाटेतला एक हातपंप आणि दोन लहान फाटे नकाशात नसल्याचे दिसले. ते आम्ही भरले आहेत. काकांनी सांगितलेला रपटा मात्र आम्ही स्वतः पाहिलेला नाही, म्हणून त्या जागी ‘स्थिती तपासावी’ एवढीच टीप ठेवली आहे. त्या बाजूला कुणी गेले, तर त्यांनी ती जरूर पूर्ण करावी.