भोगवटादार

निसर्ग वादळ 3 जून 2020 च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110-120 किलोमीटर. मी तेव्हा तिथे कृषी सहायक. पंचनामे आमच्या गळ्यात.

लोकांना वाटतं, पंचनामा म्हणजे बघायचं आणि लिहायचं. पडलेली सुपारी मोजून दाखवा एकदा! झाडं आडवीतिडवी, शेंडे शेजाऱ्याच्या वाडीत. शेंडे धरले की त्याची झाडं याच्या नावावर चढतात. म्हणून बुंधा मोजायचा आणि मोजलेल्याला चुन्याचा ठिपका. पावसात चुना टिकेना, मग मी काथ्या बांधायला लागलो. हे सगळं दोनदा. आधी मदत ठरली हेक्टरी 50,000. इथे माणसाची वाडी दहा-अकरा गुंठ्यांची, म्हणजे गुंठ्याला आले 500. ओरड झाली, मग झाडामागे दर ठरला : सुपारीला 50, नारळाला 250. तोवर लोकांनी खोडं कापून वाट मोकळी केलेली. हे ठरवणाऱ्याने सुपारीची वाडी लांबूनही पाहिली नसावी.

त्यातल्याच एका काकांचे अकरा गुंठे. पाचही नारळ गेलेले, सुपारी जवळजवळ सगळी. कोपऱ्यात राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा दगड, पुढे नुकताच फोडलेला नारळ.

"हा कुठला?"

"दुकानातून आणला."

माझ्या घरी पंधरा दिवस वीज नव्हती, डोकं तापलेलं. बोलून गेलो, "दरसाल नारळ घेतो, मग राखलं काय याने?"

काकांनी माझ्या हातातला सातबारा ओढला, चष्मा वर केला. "भाऊसाहेब, माझं नाव आहे तिथं काय छापलंय?"

"भोगवटादार."

"मालक म्हटलंय कुठं?"

मग म्हणाले, "बाप खोताचं कूळ. जमीन खोताची, कसायची बापाने. पीक बुडालं तरी खंड चुकायचा नाही. कूळकायदा आला, खोत गेला. याला कुठला कायदा लावणार?" आणि चक्क हसले. "वाडी त्याची, त्याने पाडली. खंड आपण घालायचा."

"म्हणजे हाही खोतच."

"छ्या! खोताचा भरवसा नव्हता. याचा आहे."

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. आमचे आजोबाही कूळच होते. खोताची आठवण काढून देवावर विश्वास ठेवायचा, हे माझ्या डोक्यात बसत नाही. माणूस थकला की असं बोलतो, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. पण थकलेला माणूस पडवीत तेलाच्या डब्यांमधून सुपारीची रोपं जपत नाही. बी वादळाआधीच घातलेलं, रोपं वीतभर, वारा वरून गेला. फळ धरायला सहा-सात वर्षं. काका सत्तरीपार.

मोजणी झाली. पडलेल्या सुपारी 162. सही करण्याआधी ते मला बांधाजवळच्या एका झाडापाशी घेऊन गेले. काथ्या मीच बांधलेला. झाड पार झुकलेलं, मुळं एका बाजूने उघडी. माझ्या हिशेबी गेलेलंच.

"हे काढा. हे पडलेलं नाही."

"पडेल ना काका, आठवड्यात."

"पडेल तेव्हा पडेल. आज उभं आहे."

मी 161 केलं. खाडाखोडीवर दोघांच्या सह्या घेतल्या, वरिष्ठांनी त्यावरून झापलंही. निघताना काकांनी विचारलं ते मदतीचं नव्हतंच : सावलीची झाडं गेली, उन्हात रोपं करपतील, लावायला कुठे केळीचे मुनवे मिळतील का?