तिसऱ्या सीझनची पहिली डिस्क

चार डिस्कच्या सेटमधली एक डिस्क भलतीच निघाली, तर त्या सेटला 'खराब' म्हणायचं, 'अपुरा' म्हणायचं की 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणायचं? जुन्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटला (नाव घेत नाही) हे अजून ठरवता आलेलं नाही. ते ठरवायच्या नादात त्यांनी माझं डोकं पार उठवलं. आता प्रकरण मिटलंय, डिस्क घरात आहे, तरी त्या फॉर्मची आठवण झाली की हात शिवशिवतात. म्हणून लिहून टाकतो.

मला हवा होता 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा तिसरा सीझन, डीव्हीडीवर. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेत निघालेला सेट. चार डिस्क, चोवीस भाग. "या काळात डीव्हीडी कसली घेतोस?" हे इथे न्यू जर्सीत शेजाऱ्यांनी विचारलं, पुण्याहून फोनवर दादानेही विचारलं. कारण सांगतो. या सीझनचा पहिलाच भाग, 'स्टार्क रेव्हिंग डॅड', स्ट्रीमिंगवर नाही.

तो भाग सप्टेंबर १९९१ मध्ये दाखवला गेला. घरातल्या पोराची, बार्टची, लाल टोपी धुण्यात जाते, त्याच्या बापाचे, होमरचे, पांढरे शर्ट गुलाबी होतात, तसाच शर्ट घालून तो ऑफिसला जातो आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथे त्याला एक धिप्पाड गोरा माणूस भेटतो, जो स्वतःला मायकेल जॅक्सन समजतो. त्या माणसाच्या बोलण्याचा आवाज खऱ्या जॅक्सनचाच होता, पण श्रेयनामावलीत नाव 'जॉन जे स्मिथ'. गाण्याचा आवाज मात्र करारामुळे किप लेनन नावाच्या दुसऱ्याच गायकाचा. शेवटी तो माणूस आणि बार्ट मिळून बार्टच्या बहिणीच्या, लिसाच्या, आठव्या वाढदिवसाचं गाणं करतात. मार्च २०१९ मध्ये जॅक्सनवरच्या, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांचा माहितीपट आला आणि मालिकेचे कर्ते जेम्स ब्रूक्स, मॅट ग्रेनिंग आणि अल जीन यांनी हा भाग काढून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्ने प्लस सुरू झालं, तिथे तो पहिल्या दिवसापासूनच नव्हता. काढला ते बरोबर केलं असं बायकोचं मत आहे. माझं म्हणणं एवढंच, की मतभेद करायला तरी तो बघता यायला हवा. हा वाद आमच्याकडे आमटी गार होईपर्यंत चालतो.

दुसरंही एक कारण आहे. डिस्ने प्लसने सुरुवातीला जुने भाग आजच्या रुंद टीव्हीत बसवायला वरून-खालून कापले होते. चौथ्या सीझनमध्ये डफ बिअरच्या कारखान्यात डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही टाक्या एकाच पाइपातून भरतात, आणि विनोद असतो तो त्या पाइपातच. नेमका पाइपच कापला गेला! लोकांनी ओरड केल्यावर मे २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय आला. पण एकदा असं झालं की आपली प्रत आपल्या कपाटात असावी असं वाटायला लागतं.

मी इथे आलो तो वायटूकेच्या, म्हणजे सन २००० साठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या कामांच्या लाटेत. एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, सोफा कुणीतरी फुटपाथवर सोडलेला, आणि संध्याकाळी टीव्हीवर सिम्प्सन्सचे जुने भाग. अमेरिकन लोक कशाला हसतात ते मला ऑफिसपेक्षा होमरने जास्त शिकवलं. मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदारावरून ऑफिसात टोमणे ऐकले तेही त्याच वर्षांत, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

सेट शोधणं, किंमत ठरवणं, पैसे भरणं यात काहीच अडचण आली नाही. फक्त एक बघा: स्वस्तात दिसणारे बरेच सेट इंग्लंडमधून येतात. डीव्हीडीसाठी जगाचे 'रिजन', म्हणजे विभाग, पाडलेले आहेत; ते सेट रिजन २ चे असतात, अमेरिकेतल्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत. इथे रिजन १ लागतो, आणि भारतात मागवणार असाल तर तिथला रिजन ५ आहे. खोक्याच्या मागच्या बाजूला छोट्या पृथ्वीगोलात आकडा छापलेला असतो, त्याचा फोटो मागून घ्या. माझा सेट रिजन १ चाच होता. वर्णनात लिहिलं होतं, 'चार डिस्क, तपासलेल्या, चालू.'

खोकं आलं. पुठ्ठ्याचं घड्याघड्यांचं पाकीट, कोपरे थोडे झिजलेले, चारही डिस्क आपापल्या जागी. पहिली लावली. होमरचा गुलाबी शर्ट दिसायच्या ऐवजी बार्ट इतिहासात नापास होताना दिसला. तो भाग आहे 'बार्ट गेट्स ॲन एफ', ऑक्टोबर १९९० चा, दुसऱ्या सीझनचा पहिला. म्हणजे तिसऱ्या सीझनच्या पाकिटात दुसऱ्या सीझनची पहिली डिस्क. बाकीच्या तीन बरोबर होत्या आणि स्वच्छ होत्या. चोवीसातला ज्या एका भागासाठी सगळा खटाटोप केला होता, नेमका तोच नव्हता.

इथून पुढे तो फॉर्म.

फॉर्ममध्ये तक्रारीचं कारण निवडावं लागतं, स्वतःच्या शब्दांत लिहायची सोय नाही. 'वस्तू फुटली आहे' घेतलं तर फुटलेल्या जागेचा फोटो मागतो. फुटलेलं काहीच नव्हतं. 'वस्तू चालत नाही' घेतलं तर विचारतो, "लावल्यावर काय होतं?" आणि पर्यायांत 'उत्तम चालते, पण वेगळीच आहे' असं काही नाही. 'भाग कमी आहेत' घेतलं तर किती डिस्क अपेक्षित होत्या? चार. किती मिळाल्या? चार. यावर फॉर्मने हिरवी खूण करून माझे आभार मानले आणि तक्रार बंद केली.

राहता राहिलं 'वर्णनाप्रमाणे नाही'. त्याला तीन फोटो जोडले: पाकिटाचा, डिस्कचा, आणि टीव्हीवर उघडलेल्या मेनूचा, ज्यात दुसऱ्या सीझनच्या भागांची नावं स्वच्छ वाचता येत होती. दोन दिवसांत उत्तर देऊ म्हणाले. उत्तर बरंच उशिरा आलं आणि ते असं होतं: वर्णनात चार डिस्क लिहिल्या आहेत, आपल्या फोटोत चार डिस्क दिसतात, सबब वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. कोर्टाच्या निकालासारखी ती भाषा वाचून मी खुर्चीतून उठलो आणि घरात उगाच दोन फेऱ्या मारल्या.

मग चॅट. चॅटवर दर वेळी नवा माणूस येतो आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण सांगावं लागतं. (इथेच सांगून टाकतो, नंतर विसरेन: तुमची सगळी हकीकत पाच ओळींत एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या एजंटला तीच चिकटवा. ऑर्डर नंबर सगळ्यात वर. रागाची वाक्यं काढून टाका, ती वाचायला तिथे कुणालाच वेळ नसतो.) एक एजंट खरंच भली होती. तिने माझ्यासाठी शोधाशोध केली आणि आनंदाने कळवलं, "सर, हा संपूर्ण सीझन स्ट्रीमिंगवर उपलब्ध आहे!" वर लिंकही दिली.

मी लिहिलं, "यादीतलं पहिलं नाव वाचता का?"

"मिस्टर लिसा गोज टू वॉशिंग्टन."

"तो दुसरा भाग आहे."

बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली. मग, "आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

तिच्यावर राग नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवरही तेच चार पर्याय असणार.

तिच्यानंतरच्या एजंटने सुचवलं, सेट सरळ परत करून टाका. परतीचं कारण? वरच्या कारणांपैकी एकही आता निवडता येत नव्हतं, कारण त्या तक्रारी 'निकाली' निघालेल्या. उरलं होतं एकच: 'ग्राहकाचं मन बदललं.' त्यात टपालखर्च आपला आणि वर काही टक्के कापणार. रक्कम फार नव्हती. बायको म्हणाली, "अरे, दे ना सोडून, किती जीव काढतोस." पण मला त्या वाक्यावर टिचकी मारवेना. माझं मन बदललं नव्हतं, डिस्क बदलली होती.

विकणाऱ्याला थेट लिहावं, तर तक्रार चालू असेपर्यंत निरोप वेबसाइटमार्फतच जातात, आणि त्यावर त्याच्याकडून ठरावीक छापील उत्तर यायचं: 'आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे.' संबंधित म्हणजे कोण? मी आणि तो, दोघंच तर होतो.

तोडगा निघाला तो असा. एका रात्री त्याच विक्रेत्याच्या बाकीच्या वस्तू चाळत बसलो होतो. जुने बोर्डगेम, बेसबॉलचे हातमोजे, आणि खाली दुसऱ्या सीझनचा सेट. अजून न विकलेला. मालिकेत चुका शोधायची सवय असलेल्या माणसाला यापुढचं गणित मांडायला वेळ लागत नाही. प्रत्येक विक्रीच्या वस्तूखाली 'या वस्तूबद्दल प्रश्न विचारा' अशी चौकट असते. मी तक्रारीचं अवाक्षरही न काढता तिथे लिहिलं: "नमस्कार, या सेटमधली पहिली डिस्क लावून कुठला भाग सुरू होतो ते सांगाल का?"

तासाभरात उत्तर! गिऱ्हाईक दिसलं की दुकान कसं जागं होतं बघा. "होमर गुलाबी शर्ट घालून ऑफिसला चाललाय," असं त्याने लिहिलं, आणि मागोमाग दुसरा निरोप, "अरे देवा, तो तिसऱ्या सीझनवाला तूच का?" बिचारा साधा माणूस निघाला. मुलं घराबाहेर पडली, तळघर रिकामं करतोय, पोरांनी कुठली डिस्क कुठे खुपसली त्यालाही माहीत नव्हतं. माझी तक्रार त्याच्यापर्यंत पोचली होती ती फक्त 'वर्णनाप्रमाणे नाही' एवढ्या दोन शब्दांत. फोटो त्याने पाहिलेच नव्हते, कारण त्याला दाखवलेच नव्हते.

अदलाबदल ठरली. त्याने त्याची पाठवली, मी माझी. अमेरिकन टपालखात्याची मीडिया मेल नावाची स्वस्त सेवा पुस्तकांसाठी आहे एवढंच लोकांना ठाऊक असतं, पण सिनेमाच्या आणि गाण्यांच्या डिस्कही त्यात जातात. रमतगमत पोचते, घाई असेल तर वापरू नका. डिस्क नुसत्या पाकिटात घालू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, डिस्कला नव्हे.

आलेल्या डिस्कवर ओरखडे होते. होमर इस्पितळात पोचला की चित्राचे चौकोन व्हायचे आणि गाडी थांबायची. आता यात घाबरण्यासारखं काही नसतं. डीव्हीडी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा दोन प्लॅस्टिकच्या चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. खालच्या बाजूचा वरवरचा ओरखडा घासून काढता येतो. त्रास देतात ते गोलाकार ओरखडे, कारण ते वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवर सलग येतात. म्हणून पुसतानाही मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायचं, ताट पुसल्यासारखं गोल गोल कधीच नाही. आमच्या गावच्या लायब्ररीत डिस्क घासायचं यंत्र आहे. काउंटरवरच्या बाईंनी डिस्क उजेडात तिरकी धरली, नखाने एक ओरखडा चाचपला, "नख अडकत नाही, निघेल," म्हणाल्या आणि यंत्राचं झाकण लावलं. बाहेर आली तेव्हा ओली होती आणि आरशासारखी लख्ख. इथल्या लायब्रऱ्यांमध्ये चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी ही सोय असते आणि कुणाला माहीत नसते.

भाग पाहिला. मग लगेच तोच भाग पुन्हा, या वेळी कॉमेंट्री लावून. सगळ्या चोवीस भागांवर कर्त्यांच्या गप्पा आहेत, आणि स्ट्रीमिंगवर रोजचे भाग बघणाऱ्याच्या त्या कानावरही पडत नाहीत. हा भाग अल जीन आणि माइक रीस यांनी लिहिलेला, आणि तिसऱ्या-चौथ्या सीझनची सूत्रंही त्याच दोघांकडे होती. बायकोचं मत बदललेलं नाही. गाणं चांगलं आहे, एवढं मान्य केलं.

डिस्क येऊन, घासून, बघून झाल्यावर वेबसाइटची मेल आली: ग्राहकाने प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली सेवेबद्दल तारे द्या म्हणून पट्टी होती. विक्रेत्याला पाच दिले. वेबसाइटला द्यायला शून्याचा पर्याय नव्हता.

आता चौथा सीझन शोधतोय, पाइपासाठी. या वेळी पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून पाकिटाचा नाही, चारही डिस्कच्या मेनूचा फोटो मागतोय. दोघांनी नकार दिला, तिसरा म्हणाला रविवारी काढून पाठवतो.