आबांनी लावलेलं, आम्ही उतरवलेलं

आमचा धंदा लॅगिंगचा. बॉयलर, वाफेच्या लाइनी, गरम पाण्याच्या टाक्या यांच्या अंगावर उष्णता धरून ठेवणारं आवरण चढवायचं आणि वरून पत्रा मारायचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ साली सांगलीत लेबर कॉन्ट्रॅक्टवर हे काम सुरू केलं. आबा, दोन मिस्त्री, चार हेल्पर आणि एक सायकल एवढाच पसारा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग, म्हणजे यंत्रं खोलून दुरुस्ती, निघायचं, तिथून दसऱ्यापर्यंत श्वास घ्यायला सवड नसायची. हंगाम चालू असताना इचलकरंजीची कापड धुऊन रंगवणारी प्रोसेस हाउस, दूध संघ, तेलाच्या गिरण्या यांच्यावर घर चालायचं.

त्या काळी लॅगिंग म्हणजे अ‍ॅसबेस्टॉसच. खाणीतून निघणारं हे तंतुमय खनिज, त्याची भुकटी पोत्यातून यायची. ती घमेल्यात ओतायची, पाणी घालून मळायची आणि बॉयलर कोमट असताना हाताने थापायची. एक थर वाळला की दुसरा, मध्ये तारेची जाळी, शेवटी सिमेंट मिसळून गुळगुळीत हात. कामगार तिला पांढरी मातीच म्हणायचे. शाळेच्या सुट्टीत मी कामावर जायचो तेव्हा आबा शिकवायचे, "आरं, हातमोजं घालून ही बसत न्हाई. थर किती झाला ते हाताला कळलं पायजे." त्यांचा हात देखणा होता. शेवटच्या थरावर थापीच्या कडेने ते दर हातभर अंतरावर एक बारीक रेघ ओढायचे. ती त्यांची खूण. पुढे हेच लॅगिंग उतरवायची वेळ आली तेव्हा त्या रेघांवरून मला कळायचं, हा बॉयलर आबांनी केलाय.

अ‍ॅसबेस्टॉस जळत नाही, कुजत नाही, कापसासारखं विणता येतं आणि स्वस्त. त्यामुळे जुन्या मॉडेलच्या बॉयलरवर ते फक्त अंगावर नसतं. मॅनहोलच्या जॉइंटमध्ये त्याची शीट, फर्नेसच्या दाराला त्याची दोरी, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, ग्लँडमध्ये, त्याचं पॅकिंग, विटांच्या बांधकामाच्या फटीत त्याचा पुठ्ठा. लँकेशायर बॉयलर ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. साधारण ३० फूट लांब, ८ फूट व्यासाचा आडवा नळा, आत दोन भट्ट्या, खालचं अर्धं अंग विटांत बसवलेलं आणि वरचं अर्धं लॅगिंगखाली. परदेशातून आलेल्या काही जुन्या बॉयलरवर तर मुळातलं लॅगिंग असतं, ८५ टक्के मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमची पांढरी भुकटी, आणि धरून ठेवायला १५ टक्के अ‍ॅसबेस्टॉस. तपासायला दिलेल्या नमुन्यांत आम्हाला पांढऱ्याबरोबर तपकिरी, म्हणजे अमोसाइटही सापडलंय. ते दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतलं आणि पांढऱ्यापेक्षा जास्त घातक.

मी डिप्लोमा करून १९९४ साली धंद्यात आलो. तोवर नव्या कामाला रॉकवूलची, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची, मॅट्रेस सर्रास आली होती. पण जुनं उतरवायचं काम आम्ही जुन्याच पद्धतीने करत होतो, पहारीने फोडायचं, फावड्याने ओढायचं, ट्रॉलीत भरून कारखान्याच्या मागे टाकायचं. मीही ते केलंय. तोंडाला रुमाल बांधून, आणि रुमालाने काही अडत नाही हे ठाऊक नसताना.

२००९ च्या पावसाळ्यात आबांना जिना चढताना दम लागायला लागला. एका दवाखान्यात टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या. फरक पडेना म्हणून दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही काय काम करत होता?" फुप्फुसाच्या आवरणावर खडूने ओढल्यासारखे पांढरे डाग होते, आणि खाली दोन्ही बाजूंना जाळं धरलेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, श्वासातून खोल जातात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत. आजार वर यायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं लागतात. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि विचारलं, "यांचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?" तो प्रश्न मी विसरू शकलेलो नाही. आईची तपासणी आम्ही त्याच आठवड्यात केली. ती सुखरूप निघाली. तरी दर वर्षी करतो.

आबा आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत, सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारतात, मध्ये थांबून. त्यांच्याबरोबरच्या दोन मिस्त्रींपैकी कुणी आज नाही. ते कशाने गेले हे कुणी तपासलंच नाही, दोघांच्या कागदावर दमा लिहिलाय.

घरी बसून मी मिळेल ते वाचलं. अ‍ॅसबेस्टॉसचा कचरा कसा हाताळायचा याचं भारतीय मानक, आयएस ११७६८, १९८६ पासून आहे. म्हणजे मी शाळेत असल्यापासून. ब्रिटनने १९९९ मध्ये वापर पूर्ण थांबवला, युरोपियन युनियनने २००५ मध्ये. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅसबेस्टॉसवर अजून सरसकट बंदी नाही, म्हणून गिऱ्हाइकाला पटवताना कायदा पुढे करून भागत नाही. त्याला बसवून सांगावं लागतं.

नव्या पद्धतीचं पहिलं काम २०११ च्या मे महिन्यात घेतलं. लँकेशायर बॉयलर, आणि वर आबांच्या रेघा. बॉयलर पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाही. भोवती बांबूची चौकट करून जाड प्लास्टिकची खोली उभी केली. सगळ्यात मोठा प्रश्न होता ओलं करायचा. पाइप लावून जोरात पाणी मारलं तर भुकटी उडते आणि राडाही होतो. हळू, बारीक तुषार हवे होते. आमच्या भागात त्याचं उत्तर प्रत्येक द्राक्षबागेत टांगलेलं असतं, पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप. त्या पाण्यात थोडा पातळ साबण टाकला की ते थरावरून ओघळून जात नाही, आत मुरतं. सळईने हातभर अंतरावर भोकं पाडायची, नोझल आत घालून थर आतूनही भिजवायचा, थांबायचं, मग चाकूने वितीएवढे तुकडे कापून हातात धरून उतरवायचे. टाकायचे नाहीत, पिशवीत ठेवायचे. भिजलेला तुकडा ओल्या पिठासारखा सुटतो. मी पहिला तुकडा उतरवला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला बोटं उमटलेली होती, चार बोटं आणि अंगठ्याचा थोडा भाग. १९८० च्या आसपास कुणीतरी दाबलेला तो गोळा. आबांची बोटं की मिस्त्रींची, सांगता येणार नाही. बराच वेळ तो तुकडा मी पिशवीत घालू शकलो नाही.

जे काम पूर्वी दोन दिवसांत व्हायचं त्याला अकरा दिवस लागले. मे महिन्यात अंगभर सूट आणि तोंडाला कार्ट्रिजचा मास्क घालून माणूस पाऊण तासाच्या वर टिकत नाही, हे आम्ही तिथे शिकलो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच त्याचा उपयोग, म्हणून दाढी चालत नाही. आमच्या एका चांगल्या फिटरने नवस बोलून दाढी ठेवली होती. त्याला ती काढायला सांगायची माझी इच्छा नव्हती. वर्षभर त्याला बाहेर क्लॅडिंगच्या, म्हणजे वरचा पत्रा मारायच्या, कामावर ठेवलं. आजही ज्याची दाढी आहे तो प्लास्टिकच्या आत जात नाही. यात तडजोड नाही.

पहिल्या तीन वर्षांत आमची निम्मी कामं गेली. लोक दर विचारायचे, आमचा दर चौपट असायचा. एका ठिकाणी मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, "गोण्या भरून मागच्या ओढ्याकडेला टाका, कोण बघतंय?" त्या ओढ्याचं पाणी खाली शेतकरी घेतात. आम्ही काम सोडलं. दुसऱ्या कुणी ते दोन दिवसांत करून दिलं असेल. हे अ‍ॅसबेस्टॉस जाळून संपत नाही, कुजत नाही. ते दुहेरी पिशवीत बांधून, नाव लिहून, घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच पुरावं लागतं. महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे तशी व्यवस्था आहे. २०१६ च्या नियमांत टाकून दिलेलं अ‍ॅसबेस्टॉस घातक कचऱ्याच्या यादीत आहे. त्यामुळे गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद, लागतं, आणि त्याची पोचपावती हातात आल्याशिवाय आम्ही शेवटचं बिल लावत नाही.

जागेवर काय घालायचं, यावर माझं मत पक्कं आहे. बॉयलरच्या अंगाला जाळी शिवलेली रॉकवूलची मॅट्रेस, घनता घनमीटरला १०० किलोच्या खाली नाही, ७५ मिलिमीटर जाडी, सांधे एकावर एक येणार नाहीत असे दोन थर, वर २२ गेज अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दहा किलो दाबाच्या वाफेचं तापमान १८४ अंशांच्या आसपास असतं. एवढ्या आवरणावर तळहात टेकवून उभं राहता येतं. फर्नेसचं दार आणि मागच्या चेंबरची जागा सोडून सिरॅमिक फायबर मी सुचवत नाही. ते जास्त उष्णता सोसतं हे खरं, पण त्याच्या तंतूंवर कर्करोगाच्या शक्यतेचा शिक्का अजून आहे. रॉकवूललाही खाज सुटते, म्हणून कामगार विचारतात, "हेही तेच ना, दादा?" तेच नाही. त्याचे तंतू जाड असतात आणि फुप्फुसात हळूहळू विरघळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००१ साली त्याला संशयितांच्या गटातून काढलं. तरीही मास्क लावायचाच.

लॅगिंग उतरलं की खालचा पत्रा दिसतो, आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा दिसतो. एका प्रोसेस हाउसमध्ये स्टॉप व्हॉल्व्हच्या बुडाशी थर ओला लागला. तो आमच्या फवारणीचा ओलावा नव्हता, गळतीचा होता. खाली ताटाएवढ्या जागेत पत्रा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजाची पापुद्री निघाली ती नखाएवढी जाड. मालक म्हणाले, वरून मॅट्रेस चढवा, सोमवारी बॉयलर पेटवायचाय. आमच्याकडे बॉयलर दुरुस्तीचं लायसन नाही, पण जे दिसलं ते झाकायचा अधिकारही नाही. मी फोटो काढून त्यांच्या हातात दिले आणि बॉयलर इन्स्पेक्टरला बोलावल्याशिवाय पुढचा हात लावणार नाही असं सांगितलं. दोन महिने त्यांनी आमचं बिल अडवलं. नंतर पत्र्याची जाडी मोजली गेली, तो तुकडा बदलला गेला, पाण्याच्या दाबाची हायड्रॉलिक टेस्ट झाली आणि लॅगिंगला त्यांनी आम्हालाच बोलावलं. तिथे बॉयलरशेजारी ज्या माणसाची ड्यूटी असते त्याने मला चहा पाजला. काही बोलला नाही.

आज आमच्याकडे चौदा माणसं आहेत. जिथे काम करतो तिथे आंघोळीची सोय मागतो, आणि कामाचे कपडे कुणी घरी नेत नाही. साखर कारखान्याचं काम घेतलं की तारीख ठरलेली असते, अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी पूजा करून बॉयलर पेटवायच्या, आधी सगळं उरकायचं. एका कारखान्यात पूजेच्या दिवशी आबांना गाडीतून घेऊन गेलो होतो. त्यांनी नव्या पत्र्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आत काय घातलंस?" मी सांगितलं. मग त्यांनी पत्र्याचा सांधा अंगठ्याने चाचपला, म्हणाले, "पानी जाणार न्हाई ह्यातनं."

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलंय की अ‍ॅसबेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याची आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. आम्ही लहान आहोत म्हणून ते आम्हाला लागू होत नाही असं मी धरत नाही. प्रत्येकाचा एक्स-रे, फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, कोणत्या बॉयलरवर किती दिवस काम केलं, सगळं फाइलला लागतं. आमचा सर्वात तरुण मुलगा २०२३ मध्ये एकविसाव्या वर्षी कामाला लागला. त्याची फाइल निदान २०६३ पर्यंत जपायची आहे. तेव्हा मी नसेन. त्यासाठी ऑफिसातलं लोखंडी कपाट रिकामं करून घेतलंय, आणि त्याची एक किल्ली मुलीकडे दिली आहे.